कोणाला वरची खुर्ची, कोणाला पुढचे विमान

अमेरिकेतल्या मोठ्या विमानतळांवर गेटजवळच्या पडद्यावर दोन याद्या आलटून पालटून दिसत असतात. एक अपग्रेडची, दुसरी स्टँडबायची. आडनावाची पहिली काही अक्षरे आणि नावाचे आद्याक्षर एवढेच त्यात असते, पण ज्याचे त्याला बरोबर कळते. पहिल्या यादीतल्या लोकांकडे इकॉनॉमीचे तिकीट असते आणि फर्स्ट क्लासमधली रिकामी खुर्ची आपल्या वाट्याला येते का, याकडे त्यांचे डोळे लागलेले असतात. दुसऱ्या यादीतल्यांना विमानात कुठली का होईना, एक जागा हवी असते. आसनांपेक्षा जास्त तिकिटे विकली गेली असतील तर या दोन याद्या एकमेकींत गुंततात. पुढच्या भागात एक जण गेला की मागे एक जागा मोकळी होते आणि कोणाचा तरी प्रवास वाचतो. पुढे कोण जाणार हे बरेच आधी ठरलेले असते. त्या कंपनीच्या विमानांनी जो वर्षभर सर्वांत जास्त फिरतो, तिच्याकडे जो सर्वांत जास्त पैसे खर्च करतो, त्याचे नाव सर्वांत वर.

हे न्याय्य आहे का? यावर सहसा दोन उत्तरे ऐकू येतात. विमान कंपनीचे, खुर्ची कंपनीची, ती कोणाला द्यायची ते कंपनी ठरवेल, हे एक. सगळ्यांनी सारखेच तिकीट काढले असताना एकालाच मखमली खुर्ची का, हे दुसरे. दोन्ही उत्तरांत लक्ष आहे ते वर जाणाऱ्या माणसाकडे. खरा प्रश्न त्याच यादीच्या तळाशी असलेल्या माणसाचा आहे, आणि तिथपर्यंत जायचे तर आधी जास्तीची तिकिटे विकली का जातात, हे समजून घ्यावे लागते.

तिकीट काढलेले सगळेच प्रवासी विमानतळावर येत नाहीत. कोणाची बैठक लांबते, कोणाचे आधीचे विमान उशिरा पोहोचते, कोणी आजारी पडते. या न येणाऱ्यांना विमान कंपन्यांच्या भाषेत 'नो-शो' म्हणतात. उडालेल्या विमानातली रिकामी खुर्ची पुन्हा कधीच विकता येत नाही, म्हणून कंपन्या न येणाऱ्यांचा अंदाज बांधून तेवढी तिकिटे जास्त विकतात. समजा, १८० आसनांचे विमान आहे आणि दर शंभरांत पाच जण येत नाहीत असा अनुभव आहे. कंपनीने १८५ तिकिटे विकली, तर सरासरीने १७६ च्या आसपास माणसे येतील. प्रत्येकाचे येणे-न येणे स्वतंत्र धरले, तर सगळ्यांना जागा पुरणार नाही अशी वेळ साधारण तेवीस फेऱ्यांत एकदा येईल, आणि त्यातही बहुतेक वेळा एकच प्रवासी जास्त होईल. प्रत्यक्षात कुटुंबे आणि सहलीचे गट एकत्र येतात किंवा एकत्र गळतात, त्यामुळे हिशेब इतका सरळ राहत नाही. तरी कंपनीच्या दृष्टीने सौदा फायद्याचाच असतो. पाच जास्तीची तिकिटे जवळजवळ प्रत्येक फेरीत पैसे देऊन जातात, आणि तेविसाव्या फेरीला एकाची समजूत काढली की झाले. यात प्रवाशांचाही फायदा आहे, हे मान्य करायला हवे. विमाने भरून गेली की भाडे आवाक्यात राहते, आणि ऐन वेळी तिकीट हवे असणाऱ्यालाही ते मिळते.

मग येत नाही तो कोण? ज्याचे तिकीट परत करता येत नाही, तो धडपडत का होईना विमानतळ गाठतोच. महाग, लवचिक तिकीटवाल्याला फारसे नुकसान नसते. तो दुपारच्या विमानाचे तिकीट हातात असताना संध्याकाळच्या विमानाने जाऊ शकतो. ही चैन परवडते ती मुख्यतः कामासाठी फिरणाऱ्याला, ज्याचे तिकीट त्याचे ऑफिस काढते. म्हणजे जास्तीची तिकिटे विकण्याची सवय विमान व्यवसायाला जडली ती बऱ्याच अंशी नेहमीच्या, मोठ्या प्रवाशाच्या अनिश्चित वेळापत्रकामुळे. विमान भरून वाहिले की खुर्चीही आधी त्याचीच सुरक्षित राहते, आणि वरची खुर्चीही आधी त्यालाच मिळते. ही गोष्ट मला या सगळ्या व्यवस्थेच्या मुळाशी वाटते, आणि अपग्रेडच्या चर्चेत ती क्वचितच येते.

अमेरिकेत १९७८ पूर्वी भाडी सरकारी मंडळ ठरवत असे आणि जास्तीची तिकिटे विकण्याचा प्रकार प्रवाशांपासून लपवलेला होता. २८ एप्रिल १९७२ रोजी राल्फ नेडर या ग्राहक चळवळीच्या नेत्याला वॉशिंग्टनहून हार्टफर्डला जायचे होते. तिकीट पक्के होते, पण अॅलेगेनी एअरलाइन्सच्या विमानात जागा उरली नव्हती. एरवी माणूस चरफडत पुढच्या विमानाने गेला असता. नेडर कोर्टात गेले. १९७६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, सरकारी मंडळाकडे बोट दाखवून कंपनीला फसवणुकीचा दावा टाळता येणार नाही. जास्तीची तिकिटे विकणे आणि ते न सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यानंतर उघडपणे बोलले जाऊ लागले.

त्याआधीच, १९६८ साली, ज्युलियन सायमन या अर्थतज्ज्ञाने एक साधा उपाय लिहून ठेवला होता. जागा कमी पडल्या की गेटवरच्या प्रवाशांना लिफाफे वाटावेत. 'किती पैसे मिळाले तर मी पुढच्या विमानाने जाईन' हा आकडा प्रत्येकाने आपापल्या लिफाफ्यात घालावा. सर्वांत कमी रक्कम मागणाऱ्याला ती द्यावी आणि त्याची जागा मोकळी करून घ्यावी. ज्याला घाई नाही तो पैसे घेऊन आनंदाने थांबतो, ज्याला घाई आहे तो जातो, आणि चूक करणाऱ्या कंपनीला त्या चुकीची खरी किंमत मोजावी लागते. विमान कंपन्यांनी ही कल्पना हसण्यावारी नेली. दहा वर्षांनी आल्फ्रेड कान हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक त्या सरकारी मंडळाचे अध्यक्ष असताना, १९७८ साली नियम झाला की कोणालाही सक्तीने मागे ठेवण्यापूर्वी कंपनीने आधी स्वखुशीने थांबणारे शोधले पाहिजेत. लिफाफे आले नाहीत. त्यांच्या जागी गेटवरून पुकारा करून हळूहळू वाढवत नेलेली रक्कम आली. तरी तत्त्व तेच होते. कोणाचा वेळ किती मोलाचा, हे त्याचे त्याने सांगायचे.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये भाडेनियंत्रण उठवणारा कायदा झाला आणि कंपन्यांची भाड्यावरून झुंज सुरू झाली. स्वस्त तिकीट कोणीही देऊ लागल्यावर गिऱ्हाईक टिकवायचे कसे, या काळजीतून १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'एअॅडव्हान्टेज' ही योजना सुरू केली. काही दिवसांतच युनायटेडची 'माइलेज प्लस' आली. जेवढे मैल उडाल तेवढे मैल खात्यात, आणि ठरावीक मैल झाले की एक पायरी वर. पायऱ्यांना चांदी, सोने, प्लॅटिनम, हिरा अशी नावे मिळाली. युनायटेडच्या 'वन-के' या पायरीच्या नावातच वर्षाला १ लाख मैल हा हिशेब होता. वरच्या पायरीवरच्या माणसाला सर्वांत मोठे आकर्षण होते ते फुकट अपग्रेडचे. महिन्यातून आठ-दहा वेळा विमानात बसणाऱ्याला पाय पसरता येणे ही खरोखरच मोठी गोष्ट असते, आणि कंपनीला ती जवळजवळ फुकट देता येत होती, कारण त्या काळात अमेरिकेतल्या देशांतर्गत फर्स्ट क्लासचे पूर्ण भाडे देणारे थोडेच होते.

आता चित्र बदलले आहे. पुढच्या खुर्च्या कंपन्या शेवटच्या घटकेपर्यंत थोड्या जादा पैशांत विकत राहतात. डेल्टाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी स्वतः सांगितले आहे की पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या देशांतर्गत फर्स्ट क्लासच्या बहुतेक खुर्च्या फुकट अपग्रेडने भरत, आता बहुतेक विकल्या जातात. पायऱ्याही मैलांवरून डॉलरवर गेल्या. २०२४ पासून डेल्टात किती उडालात याला महत्त्व नाही, किती खर्च केलात त्यालाच आहे. २०२२ पासून अमेरिकन एअरलाइन्सच्या योजनेत कंपनीच्या क्रेडिट कार्डावर किराणा आणि पेट्रोल भरूनही वरची पायरी गाठता येते. या योजनांची किंमत किती फुगली आहे ते २०२० च्या साथीत उघड झाले. युनायटेडने कर्जासाठी आपली माइलेज प्लस योजना तारण ठेवली तेव्हा तिचे मूल्य सुमारे २२ अब्ज डॉलर सांगितले गेले. शेअर बाजारातली अख्ख्या कंपनीची किंमत त्या वेळी त्याहून कमी होती. तेव्हा 'वर्षानुवर्षे आमच्याकडे येणाऱ्याचा मान' हे अपग्रेडचे समर्थन आता पुरेसे खरे राहिलेले नाही. मान पैशाचा आहे, आणि तो पैसा अनेकदा त्या माणसाचाही नसतो.

हा मुद्दा लहान नाही. तिकीट ऑफिस काढते आणि पॉइंट्स कर्मचाऱ्याच्या खात्यात जातात, म्हणून गरजेपेक्षा महाग तिकीट काढण्याचा मोह होतो. जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने २००६ साली सांगितले की कामाच्या प्रवासातले मैल मालकाचे. भारत सरकारच्या अर्थ मंत्रालयाचाही नियम आहे की सरकारी दौऱ्यावर मिळालेले पॉइंट्स सरकारी प्रवासासाठीच वापरायचे. अमेरिकेने उलट वाट धरली आणि २००१ च्या अखेरीस केलेल्या कायद्याने सरकारी कर्मचाऱ्यांना ते स्वतःसाठी वापरायची मुभा दिली. मला जर्मनीचे म्हणणे पटते.

आता भरून वाहणाऱ्या विमानाकडे येऊ. समजा, इकॉनॉमीत १५० जागा आहेत आणि १५३ प्रवासी हजर झाले आहेत. पुढे फर्स्ट क्लासमध्ये चार खुर्च्या रिकाम्या आहेत. इकॉनॉमीतले तिघे पुढे गेले की प्रश्न सुटला. या प्रकाराला कंपनीतले लोक 'ऑपरेशनल अपग्रेड', बोलताना 'ऑप-अप', म्हणतात. ही खुर्ची भेट म्हणून दिली जाते, पण ती देण्यात कंपनीचा स्वतःचा फायदा असतो, कारण तीन माणसांची भरपाई आणि प्रसंगी हॉटेल वाचते. कित्येकदा हे आधीच ठरलेले असते. पुढे खुर्च्या रिकाम्या राहणार हे दिसले की मागच्या तिकिटांची मर्यादा तेवढी वाढवली जाते.

या तिघांत नेहमीचे प्रवासी निवडले तर अन्याय होतो का? मला तसे वाटत नाही. चौथ्याचे काही हिरावले गेलेले नाही. त्याने इकॉनॉमीचे पैसे दिले, त्याला इकॉनॉमीची जागा मिळाली, आणि कोणी तरी पुढे गेल्यामुळेच ती मिळाली. जिथे कोणाचेच नुकसान नाही, तिथे कंपनीने आपल्या मोठ्या गिऱ्हाइकाला खूश करावे. पायाला प्लास्टर घातलेला माणूस किंवा तान्हे मूल घेतलेली आई समोर असताना हिऱ्याच्या पायरीवरच्या माणसाला पुढे न्यावे, हे मनाला पटत नाही, आणि गेटवरच्या कर्मचाऱ्याला तेवढा अधिकार असावा. पण ही माणुसकीची गोष्ट झाली, हक्काची नव्हे.

दुसरी पद्धत आपल्या घरचीच आहे. भारतीय रेल्वेने २००६ साली अपग्रेडची योजना सुरू केली. वरच्या वर्गाच्या बर्थ रिकाम्या राहत असतील तर चार्ट तयार होताना खालच्या वर्गातल्या पूर्ण भाडे भरणाऱ्या प्रवाशांना जादा पैसे न घेता वर हलवायचे आणि सुटलेल्या बर्थवर वेटिंग लिस्टमधल्यांना घ्यायचे. हेतू ऑप-अपचाच आहे. फरक निवडीत आहे. तिथे कोणाला वर न्यायचे ते संगणक ठरवतो. गेल्या वर्षी तुम्ही कितीदा राजधानीने गेलात, हे तो विचारत नाही. आरक्षण करतानाच संमतीची खूण करायची असते, त्यामुळे नको असेल त्याला नाकारताही येते. रेल्वेची आणखी एक गोष्ट विमान कंपन्यांनी शिकण्यासारखी आहे. रेल्वेही जागांपेक्षा जास्त तिकिटे देते, पण वेटिंग किंवा आरएसी असे तिकिटावर छापून देते. माणूस घरातून निघतानाच आपले काय आहे ते जाणून असतो. विमानाच्या तिकिटावर मात्र सगळ्यांनाच 'कन्फर्म्ड' लिहून मिळते.

खरा अन्याय सुरू होतो तो पुढच्या खुर्च्या संपल्यावर. १५३ ऐवजी १५६ जण आले आणि चारच पुढे जाऊ शकले, तर दोघांना मागे राहावे लागणार. आधी पुकारा होतो, पैसे देऊ केले जातात. कोणीच उठले नाही तर? मग तीच यादी उलटी धरून तळापासून वाचली जाते. अमेरिकेच्या परिवहन खात्याचा नियम अशा वेळी कंपनीने वापरायच्या निकषांची उदाहरणे देतो. चेक-इनची वेळ, आधी आसनक्रमांक मिळाला होता की नाही, भाडे किती दिले, नेहमीच्या प्रवाशाची पायरी कोणती, आणि प्रवासी अपंग किंवा एकटे मूल आहे का. शेवटचा निकष माणुसकीचा आहे. पहिले चार वेगवेगळे वाटतात, पण चारही बोटे एकाच माणसाकडे वळतात. सर्वांत स्वस्त तिकिटात आसन निवडायचे जादा पैसे पडतात, म्हणून त्याच्याकडे क्रमांक नसतो. तो वर्षा-दोन वर्षांतून एकदा प्रवास करतो, म्हणून पायरी नसते. अॅपवर चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास आधी चेक-इन उघडते हे त्याला ठाऊक नसते, म्हणून वेळही उशिराची. विद्यार्थी, परदेशी मजूर, मुलीच्या बाळंतपणाला पहिल्यांदा निघालेली आई, ही माणसे त्या यादीच्या तळाशी आपोआप जाऊन बसतात.

आणि नुकसान कोणाचे जास्त होते? नेहमीचा प्रवासी मागे राहिला तर त्याच्याकडे खास फोन नंबर आहे, लाउंज आहे, पुढची विमाने त्याला पाठ आहेत. तासाभरात त्याची सोय लागते. तळाच्या माणसाचे लग्न असते, अंत्यविधी असतो, व्हिसाची शेवटची तारीख असते, किंवा दुसऱ्या कंपनीचे पुढचे तिकीट असते जे बुडाले की बुडालेच. ज्याला संरक्षणाची गरज सर्वांत जास्त, त्यालाच ते सर्वांत कमी, अशी ही रचना आहे. वरून देताना निष्ठा मोजा, खर्च मोजा, हरकत नाही. हक्काची जागा काढून घेताना मात्र तोच मापदंड लावणे चुकीचे आहे, कारण काढून घेतली जाते ती पूर्ण पैसे घेऊन विकलेली वस्तू. स्वस्त तिकीट म्हणजे कमी पक्के तिकीट, असे विकताना कोणी सांगितलेले नसते.

९ एप्रिल २०१७ च्या रविवारी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर हे साऱ्या जगाने पाहिले. युनायटेड एक्सप्रेसचे लुईव्हिलला जाणारे ३४११ क्रमांकाचे विमान पूर्ण भरले होते आणि प्रवासी बसलेले होते. तेवढ्यात कंपनीच्या चार कर्मचाऱ्यांना दुसऱ्या दिवशीच्या विमानासाठी लुईव्हिलला पोहोचवायचे ठरले. आधी ४०० डॉलर देऊ केले, मग ८००. कोणी उठले नाही. सक्तीने उतरवलेल्याला द्यायच्या भरपाईची कायद्यातली कमाल रक्कम त्या वेळी १३५० डॉलर होती, तिथपर्यंतही बोली गेली नाही. चार जणांची निवड झाली, आणि ती करताना भाड्याचा वर्ग आणि नेहमीच्या प्रवाशाची पायरी हेही पाहिले जाते, असे कंपनीच्याच अटींत होते. त्यातले डॉ. डेव्हिड डाओ, वय ६९, उठायला तयार झाले नाहीत. आपल्याला सकाळी रुग्ण तपासायचे आहेत, असे ते सांगत होते. विमानतळाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्यांना खुर्चीतून ओढून, रक्तबंबाळ अवस्थेत बाहेर नेले. शेजारच्या प्रवाशांनी घेतलेले चित्रण काही तासांत जगभर पोहोचले.

त्या महिन्याच्या अखेरीस युनायटेडने डाओंशी तडजोड केली आणि जागा सोडणाऱ्याला १० हजार डॉलरपर्यंत देण्याची मर्यादा जाहीर केली. पुढच्या वर्षीच्या कायद्याने विमानात चढू दिलेल्या प्रवाशाला जास्तीच्या तिकिटांच्या कारणाने उतरवण्यावर बंदी आली. यातून मिळालेला सर्वांत मोठा धडा आकड्यांत दिसतो. अमेरिकेत सक्तीने मागे ठेवलेल्या प्रवाशांचे प्रमाण २०१६ साली दर १० हजारांत ०.६२ होते, ते २०१७ साली ०.३४ वर आले. जास्तीची तिकिटे विकणे थांबले नव्हते. बोली थोडी वर नेली, एवढेच झाले. जो प्रश्न सुरक्षा अधिकारी बोलावून सोडवला गेला, तो पैसे वाढवून सुटणारा होता, हे सायमन यांनी त्याच्या ४९ वर्षे आधीच लिहून ठेवले होते.

लिलावावर एक आक्षेप घेतला जातो. गरीब माणूस थोड्या पैशांतही उठेल, मग ओझे पुन्हा त्याच्यावरच. आक्षेपात तथ्य आहे. पण यादीच्या तळाचा म्हणून उठवला गेलेला गरीब आणि स्वतः आकडा सांगून, पैसे खिशात घालून थांबलेला गरीब यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्याला 'नाही' म्हणता येते. अट एवढीच की मोबदला रोख हवा. वर्षभरात वापरायचे व्हाउचर वर्षाकाठी एकदाच उडणाऱ्याच्या काही कामाचे नसते.

वरच्या पायरीवरच्यांनीही फार निश्चिंत राहू नये. एस. बिन्यामिन गिन्सबर्ग हे अमेरिकी रब्बी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या योजनेत प्लॅटिनम पायरीवर होते. २००८ साली कंपनीने त्यांचे सदस्यत्व काढून घेतले. ते फार तक्रारी करतात, भरपाई मागतात, असे कारण दिले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २ एप्रिल २०१४ रोजी न्यायालयाने एकमताने निकाल दिला की 'कंपनीने प्रामाणिकपणे वागावे' या सर्वसाधारण तत्त्वावरचा हा दावा भाडेनियंत्रण उठवणाऱ्या १९७८ च्या कायद्यामुळे चालणार नाही. योजनेच्या अटींत कंपनीला जो स्वेच्छाधिकार दिलेला असतो, त्यापुढे पॉइंट्स जमवणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. अपग्रेडला म्हणूनच मी भेट म्हणतो. तो हक्क असल्याचा समज योजना विकणाऱ्यांनी मुद्दाम जोपासला आहे.

वरची खुर्ची मिळण्याबद्दल कायदे जवळजवळ गप्प आहेत. खालची मिळण्याबद्दल मात्र बोलतात. बिझनेस क्लासच्याही जागा कधी जास्त विकल्या जातात आणि पैसे भरलेल्याला मागे बसवले जाते. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमात अशा प्रवाशाला अंतरानुसार तिकिटाचे ३०, ५० किंवा ७५ टक्के परत मिळतात, आणि वर बसवल्यास जादा पैसे मागता येत नाहीत. भारतातही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, फेब्रुवारी २०२३ पासून असा नियम केला. देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाचे ७५ टक्के, आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतराप्रमाणे ३० ते ७५ टक्के.

जागा नाकारली गेली तर डीजीसीएचा नियम असा आहे. कंपनीने आधी स्वखुशीने थांबणारे शोधायचे. तरीही कोणाला त्याच्या इच्छेविरुद्ध मागे ठेवले आणि मूळ वेळेपासून एका तासाच्या आत सुटणारे दुसरे विमान दिले नाही, तर भरपाई द्यावी लागते. चोवीस तासांच्या आतले विमान दिले तर एकमार्गी मूळ भाडे आणि इंधन अधिभाराच्या २०० टक्के, कमाल १० हजार रुपये. त्याहून उशीर झाला तर ४०० टक्के, कमाल २० हजार. दुसरे विमान नकोच असेल तर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि वर ४०० टक्के, कमाल २० हजारच. नियम चांगला आहे, पाळला जातोच असे नाही. जून २०२२ मध्ये डीजीसीएने तपासणीनंतर एअर इंडियाला १० लाख रुपये दंड केला, कारण जागा नाकारलेल्यांना भरपाई दिली जात नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये अकासा एअरच्या बंगळूरहून पुण्याला येणाऱ्या विमानात सात प्रवाशांना जागा मिळाली नाही. तिथे विमान बदलावे लागले होते, तरी भरपाई न दिल्याबद्दल त्या कंपनीलाही १० लाखांचा दंड झाला. या नियमात एक मोठी उणीव आहे. स्वखुशीने कोणी उठले नाही, तर कोणत्या क्रमाने माणसे मागे ठेवायची आणि तो क्रम तिकीट विकतानाच प्रवाशाला सांगायचा, असे बंधन त्यात नाही.

आपल्याकडे बिझनेस क्लास आणि निष्ठेच्या योजना पुन्हा जोर धरत आहेत. इंडिगोसारख्या एकाच वर्गाच्या कंपनीने २०२४ च्या अखेरीस दिल्ली-मुंबई मार्गावर वरचा वर्ग आणला आणि पॉइंट्सची योजनाही. अमेरिकेत चाळीस वर्षांत बांधली गेलेली शिडी इथे आता उभी राहते आहे, तोवरच नियम नीट करून घेता येईल. अपग्रेड कंपनीने हवे त्याला द्यावे. मागे ठेवताना भाडे आणि पायरी हे दोन्ही निकष कायद्याने बाद करावेत. बोली मात्र कोणी तरी उठेपर्यंत वाढवत नेण्याची सक्ती असावी. जास्तीची तिकिटे विकून होणारा नफा कंपनीचा असेल, तर तेविसाव्या फेरीचा खर्चही तिचाच असला पाहिजे.

तोपर्यंत एवढे करा. ऑनलाइन चेक-इन उघडताच करा आणि आसनक्रमांक घ्या. अमेरिकेत मुलांकडे निघालेल्या आई-बाबांचेही तुम्हीच करून द्या. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसहून पुढच्या विमानात त्यांना जागा नाकारली गेली, तर युरोपीय नियमाने साडेतीन हजार किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई आहे, हे त्यांना कागदावर लिहून द्या. स्वखुशीने थांबायचे असेल तर आधी रक्कम, ती रोख की व्हाउचर, आणि पुढच्या विमानाची पक्की वेळ विचारा. थांबायचे नसेल तर तसे स्पष्ट सांगा, आणि तरीही मागे ठेवले तर कारण लेखी मागा व बोर्डिंग पास जपून ठेवा. भारतात कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते. ती जरूर करा.